‘बघू’ नावाचा फोल्डर

घोड्यांवरची वजनं ठरवायच्या भारकक्षाच्या काचभिंतीतून रेसकोर्सची शेवटची सरळ पट्टी पुरती दिसत असे. बसायची ती जागा दिगंबर सबनीसांनी स्वतः निवडली होती, आणि आज त्यांना तिथून उठून जावंसं वाटत होतं. खाली घोडे शेवटच्या वळणातून बाहेर आले ते पांगलेच नाहीत. उलट जवळजवळ येत गेले आणि पंगतीला पाटावर बसावेत तसे ओळीने रेषेवर पोचले. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. सबनीस तेवढे बसून होते, कारण ही वजनं त्यांची नव्हती.

हँडिकॅपरचं काम सांगायला सोपं. चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या जास्त, कच्च्याच्या खोगिरात कमी. वजनं अशी वाटायची की सगळे घोडे रेषेवर एकदमच यावेत. तसं कधी घडत नाही. पण पहिल्या आणि शेवटच्या घोड्यातलं अंतर जितकं कमी, तितका हँडिकॅपर मोठा. दख्खन अश्वशर्यत मंडळात सबनीसांचं उभं आयुष्य यातच गेलं होतं. घोड्यांचे मालक त्यांच्या नावाने कुरकुरत, पण तोंडावर कुणी बोलत नसे.

या मोसमात मात्र मंडळाने शर्यती एकाआड एक वाटून दिल्या होत्या. एका शर्यतीची वजनं सबनीसांनी ठरवायची, पुढच्या शर्यतीची भारगणक नावाच्या यंत्राने. मोसमाअखेर ज्याची अंतरं कमी भरतील, त्याच्याकडे हे काम कायमचं जाणार होतं. आणि हा भारगणक घडवला होता डॉ. शाल्मली देवभानकरने. ती याच खोलीत सबनीसांच्या हाताखाली शिकलेली. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

“काय रे सबनीस,” पशुवैद्य डॉ. फिरोझ दारूवाला खुर्ची ओढून बसत म्हणाले, “शिष्येचं पोर म्हणजे तुझा नातूच की! नातवाचं कौतुक करायचं, तर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय करून बसलायस?”

सबनीस हसले. त्या हसण्याला त्यांना बराच जोर लावावा लागला. खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात दुखत होतं, आणि दारूवालांच्या पेटीत त्यावर औषध नव्हतं. यंत्र जिंकतं याचं दुःख एकवेळ सोसलं असतं. पण ते जिंकत होतं तेही नेमक्या अशा घोड्यांवर, की जीव जळावा. आजचा ‘थोडा थांब’ हाच घोडा घ्या. जुन्या निकालांवरून सबनीसांनी वर्षानुवर्षं घडवलेल्या तक्त्याप्रमाणे तो अगदी सुमार होता. यंत्राने त्याच्यावर भरभक्कम वजन चढवलं, आणि तेवढं ओझं घेऊनही गडी सगळ्यांच्या बरोबरीने आला. याच घोड्याबद्दल गेल्या आठवड्यात सबनीसांनाही काहीतरी वाटलं होतं. पण वाटण्याला वजन नसतं, असं ते आजवर प्रत्येकाला शिकवत आले होते.

त्यांची शिस्तच तशी होती. मंडळाच्या संगणकावरच्या सामायिक माहितीफडताळात प्रत्येक शर्यतीचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक घोड्याचा एक. घोड्याच्या पोटाला बांधलेल्या नाडीपट्ट्यावरून सकाळच्या दौडीतले ठोके, श्वास, टापांचा जोर, सगळं आपोआप त्यात येऊन पडे. फडताळ लावून ठेवणं सबनीसांकडे होतं आणि तिथे त्यांचा हात कुणी धरत नसे. शर्यतीची पाळी कुणाचीही असो, एखादा घोडा मनात अडकला की ते त्याचा फोल्डर उचलून ‘बघू’ नावाच्या एका वेगळ्या फोल्डरात टाकत. वजनं लिहायच्या सकाळी मात्र ‘बघू’ रिकामा झालाच पाहिजे. सगळे घोडे पुन्हा जागच्या जागी ठेवायचे आणि तक्ता म्हणेल तेच वजन लिहायचं. “हँडिकॅपरच्या मनात शंका असेल,” ते शाल्मलीला सांगत, “पण वजनात ती दिसता कामा नये.”

शाल्मली पेढे घेऊन आत आली. पहिला पेढा तिने सबनीसांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि मधुमेहाचं निमित्त सांगून कागदावर ठेवून दिला.

“मला एक समजाव, पोरी,” दारूवाला दोन पेढे उचलत म्हणाले. “घोडे मी तपासतो, ठोके पट्टा मोजतो. सबनीसला जे दिसतं तेच तुझ्या यंत्राला दिसतं. मग ते जास्तीचं काय बघतं?”

“ते फोल्डरच्या आतलं बघतं, आणि फोल्डरच्या बाहेरचंही,” शाल्मली म्हणाली. “फोल्डर कधी तयार झाला, कुणी उघडला, किती वेळ उघडा ठेवला, कुठून कुठे हलवला. या सगळ्यांना मी स्पर्शखुणा म्हणते. शिकवताना मी यंत्राला काहीच गाळून देत नाही. जुन्या हजारो शर्यती त्याच्यापुढे टाकायच्या. ज्या खुणेने निकाल बरोबर येतो तिच्यावर ते भरवसा वाढवतं, जिच्याने येत नाही तिच्यावरचा कमी करतं.”

“आणि कशावर किती भरवसा आहे ते तुला सांगतं?”

“नाही ना. कोट्यवधी आकड्यांच्या गुंत्यात ते मुरलेलं असतं. लोणच्यातून मीठ वेगळं काढता येत नाही, तसं.”

सबनीसांनी यातलं त्यांना हवं तेवढंच ऐकलं. यंत्र फडताळातलं सगळं खातं म्हणजे त्यांचा तक्ताही खातं. त्यांच्या आयुष्याचा अनुभव चोरून ही पोरगी पेढे वाटत होती! त्याच संध्याकाळी त्यांनी आपला तक्ता फडताळातून काढून कुलूपबंद केला. दुसऱ्या आठवड्यात यंत्राचे घोडे पुन्हा ओळीने रेषेवर आले. तक्त्यावाचून त्याचं काही म्हणजे काही अडलं नव्हतं. चोरी झाली नाही याने सबनीस अधिकच पेटले. चोरण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, असाच त्याचा अर्थ होत होता.

मग त्यांनी जे केलं त्यात नियमभंग काहीच नव्हता. फडताळातल्या सगळ्या फोल्डरांची त्यांनी आपल्या स्वतंत्र संगणकावर नक्कल उतरवून घेतली आणि तिथेच काम सुरू केलं. तिथेच उघडायचं, तिथेच हलवायचं, तिथेच त्यांचा ‘बघू’. सामायिक फडताळाला त्यांनी हात लावायचा नाही. एक आकडाही त्यांनी बदलला नव्हता. यातून यंत्राचं काय बिघडेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं; एका ताटात जेवायचं नाही, एवढाच तो रुसवा होता. पण शाल्मलीचा राग म्हणून फडताळाकडे पाठ फिरवताना त्यांना फार बरं वाटलं, हे खरं.

आणि यंत्र बिघडलं.

पुढच्या शर्यतीत यंत्राने सर्वांत जास्त वजन चढवलेला घोडा शेवटून दुसरा आला. त्यापुढच्या फेरीत ‘नीलांबरी’ नावाची घोडी हलक्या वजनाने अशी सुटली, की रेषा ओलांडून तिच्या जॉकीने मागे वळून पाहिलं तेव्हा बाकीचे अजून यायचे होते. मालक लोकांनी मंडळाच्या कचेरीत आरडाओरडा केला. सबनीसांची स्वतःची अंतरं होती तशीच राहिली, बरी ना वाईट. पण यंत्र घसरत घसरत त्यांच्या पातळीला आलं आणि मोसमाच्या शेवटच्या चषकापर्यंत दोघांचं पारडं सारखं झालं. चषकाच्या शर्यतीची पाळी यंत्राची होती. ती साधली तर भारगणक राहणार, नाही तर सबनीस.

सबनीसांना त्या दिवसांत गाढ झोप लागत असे.

चषकाच्या आठवड्यात शाल्मली त्यांच्या घरी आली. चेहरा ओढलेला होता. चहाचा कप तिने हातात धरला, प्यायली नाही.

“सर, एक मागायचंय. तुम्ही पुन्हा सामायिक फडताळात काम करा. पूर्वी करायचात तसंच.”

“का?”

“का ते आत्ता विचारू नका. चषक झाला की सगळं सांगते. तुमच्या पाया पडते, सर.”

आता सबनीसांच्या मनात संशय आला नसता तरच नवल. या पोरीला काहीतरी सापडलं होतं. ते तिला ठाऊक होतं, तिच्या त्या यंत्राला ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“त्याच्यापाशी असं काय आहे, जे माझ्यापाशी नाही?” त्यांचा आवाज चढला. “ते ऐकल्याशिवाय मी एक फोल्डर हलवणार नाही.”

“सर, सांगितलं तर ते उरणार नाही.”

“म्हणजे मला सांगण्यासारखं नाही! अगं, लगाम कसा धरतात हे तुला मी शिकवलं. सांग.”

शाल्मली बराच वेळ कपाकडे बघत राहिली. मग बोलली.

“यंत्र बिघडल्यावर मी एकेक खूण झाकून बघितली. ठोके झाकले, थोडाच फरक पडला. श्वास झाकला, थोडाच फरक. एका खुणेने मात्र सगळं कोसळलं. ती तुमची आहे, सर. ‘बघू’ची.”

“‘बघू’ मी रिकामा करतो.”

“तुम्ही करता. पण फोल्डर तिथे जाऊन आला याची खूण राहते. कुठला घोडा गेला, किती वेळा गेला, परत ठेवताना तुमचा हात किती रेंगाळला. ‘थोडा थांब’ चार वेळा गेला होता. घोड्याबद्दल तुम्हाला जे कळतं, सर, ते जगात कुणालाच कळत नाही. तुम्ही ते पुसून टाकता आणि तक्ता लिहिता. यंत्र फक्त पुसायच्या आधीचं वाचत होतं.”

सबनीसांना प्रथम झाला तो निखळ आनंद. आपणच! त्या सगळ्या पंगती, तो सगळा ओरडा, सगळं आपलंच. ज्याच्या नावाने ते मोसमभर जळत होते तो नातू थेट आजोबांवर गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून ते हसलेसुद्धा.

“मग एवढंच ना? आत्ता येतो. फडताळ उघडतो आणि—”

“आणि काय कराल?” शाल्मलीने विचारलं. तिचे डोळे भरले होते. “तुम्हाला न कळत होत होतं, म्हणून ते खरं होतं. आता तुम्हाला माहीत आहे.”

ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच भारकक्षात बसून त्यांनी चषकाचा फोल्डर उघडला. ‘नीलांबरी’ ‘बघू’त टाकायला हात गेला आणि थांबला. ही शंका खरी, की आपण शंका आणतोय? टाकली. काढली. पुन्हा टाकली, कारण काढताना हात रेंगाळल्यासारखा वाटला. दुपारपर्यंत ‘बघू’त सगळेच घोडे जाऊन आले होते आणि सबनीस घामाने भिजले होते.

चषकाला घोडे जत्रेहून परतणाऱ्या माणसांसारखे एकेकटे आले. मंडळाने भारगणक बंद केला आणि सबनीसांना हार घातला. दारूवालांनी टाळ्या वाजवल्या, पण चिडवलं नाही. शाल्मली निरोप घ्यायला आली, वाकून नमस्कार केला आणि कुठे जाणार ते न सांगता गेली.

पुढच्या मोसमात सबनीसांची वजनं पूर्वीपेक्षाही बिघडली. तक्त्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि मनाला काही वाटेनासं झालं होतं. काही वाटायच्या आतच ते स्वतःच्या हाताकडे बघू लागत. आता त्यांना हेवा वाटे तो एकाच माणसाचा: ज्याला काही ठाऊक नव्हतं त्या जुन्या सबनीसांचा.

अशात एका सकाळी फोन आला. कृष्णाकाठच्या रेसकोर्सचे हँडिकॅपर बाबासाहेब घोरपडे बोलत होते. उमेदवारीपासूनची मैत्री, आणि तेवढीच जुनी चढाओढ.

“सबनीस, तुमची ती शाल्मली आता आमच्याकडं आलीया यंत्र घेऊन,” घोरपडे तणतणत होते. “काय सांगू तुम्हाला! आमचे घोडे असे एका ओळीत येतात, की फोटो बघूनसुद्धा निकाल लागत नाही. असली शर्यत या देशात कुणी बघितली नसेल. आणि माझी वजनं आपली होती तिथंच. अंगाचा नुसता तिळपापड होतोय बघा.”

“तुम्ही... फोल्डर कसे ठेवता हो?” सबनीसांनी हळूच विचारलं.

“फोल्डर? आहेत तिथंच. मनात खटकला तो घोडा पिवळा करतो. आमची पोरं म्हणतात, साहेबांनी हळद लावली. वजनं लिहायच्या आधी पुसून टाकतो. त्याचं काय?”

फोन कानाला तसाच धरून सबनीसांनी बाहेर पाहिलं. काचेपलीकडे सकाळची दौड चालू होती. एका ओळीतली, फोटोतही निकाल न लागणारी शर्यत! सबनीसांच्या ‘बघू’वर यंत्राचे घोडे असे कधीच आले नव्हते, अगदी चांगल्या दिवसांतही नाही. घोरपड्यांची हळद त्यांच्या ‘बघू’पेक्षा सरस होती. पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा वर आलं, आणि शाल्मलीने कपाकडे बघत घालवलेला तो वेळही त्यांना आठवला.

“ऐकताय ना?” घोरपडे म्हणाले. “तुम्ही तिचे गुरू. मला एकच सांगा, त्या यंत्रापाशी असं काय आहे, जे माझ्यापाशी नाही?”

“सांगतो,” सबनीस म्हणाले. “मित्रापासून काय लपवायचं?”

आणि खुर्चीत नीट टेकून बसत त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.