अर्ध्या जिन्यात सोडलेली

औषधाची पिशवी खाली देऊन येते, एवढंच सांगून ती घराबाहेर पडली. पायात घरातल्याच चपला, फोन टेबलावर चार्जिंगला. तळमजल्यावरच्या आजोबांचं रक्तदाबाचं औषध संपलं होतं, आणि ती औषधाच्या दुकानातच कामाला असल्यामुळे बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची औषधं तीच घेऊन यायची. पाच मिनिटांचं काम. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, डिसेंबरातला दुसरा गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा.

तू हसतेस काय, भाचीबाई? मघाशी जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलंत ना दोघांनी, की आम्ही मिळून भुताची कादंबरी लिहिणार आहोत म्हणून? लिहा की. मी कोण अडवणारा? जावईबापूंचं अक्षर कसं आहे ते मला माहीत नाही, पण तुझं शुद्धलेखन मी बघितलेलं आहे. तेव्हा भुताआधीच काय ते संकट येईल. पण लिहायला बसण्याआधी एवढं ऐकून घ्या. ऐकीव नाही हे. ज्याच्यावर गुदरलं तो मी प्रेसमध्ये फोरमन असताना माझ्या हाताखाली अकरा वर्षं मुद्रितं तपासत होता.

आम्ही त्याला सावकाश म्हणायचो. चहा प्यायला सावकाश, जिना चढायला सावकाश, हसायलासुद्धा सावकाश. विनोद सांगितला की दुसऱ्या दिवशी हसायचा. पण नजर अशी की छापील पानातली चूक त्याच्यापासून लपली नाही. लग्न उशिरा झालं, आणि बायको मिळाली ती याच्या अगदी उलट. तुरुतुरु चालणारी, भराभरा बोलणारी. हा संध्याकाळच्या पाळीला, ती सकाळच्या. दोघं एका घरात राहून एकमेकांना भेटायची नाहीत. मग दोघांनी मिळून कादंबरी लिहायला घेतली. तीच म्हणाली होती म्हणे, "निदान एका पानावर तरी भेटू."

गोष्ट आजच्याच काळातली होती. मोबाईल, टॅक्सी, ऑफिसं सगळं आपलं नेहमीचं. फक्त त्या शहरात रात्री एकट्याने घरी निघालेल्या माणसाला कधीकधी एक सोबती मिळतो. दिसत नाही. दोन पायऱ्या मागून चालतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. नायिका टॅक्सी चालवणारी बाई, आणि हा सोबती आहे तरी कोण, याचा ती छडा लावते आहे. एक प्रकरण तिचं, एक याचं. लॅपटॉप एकच, फाईल एकच. ज्याची पाळी असेल त्याने लिहायचं.

आता दोन माणसं एक गोष्ट लिहायला लागली की गोंधळ काय होतो, तर एकाच्या पानावर खिडकी डावीकडे आणि दुसऱ्याच्या पानावर उजवीकडे. त्यावर यांनी सोपा तोडगा काढला. नायिकेला आपल्याच बिल्डिंगमध्ये राहायला आणलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, लोखंडी कठड्याचा जिना. दार तेच, दाराबाहेरचा दिवा तोच.

त्यांचे नियम दोन होते. पहिला असा, की सोबत्याचं गुपित फक्त तिला ठाऊक. तो कशाने सुटतो, माणसाबरोबर घरापर्यंत पोचला तर काय करतो, हे तिने मनाशी ठरवलं होतं आणि नवऱ्याला सांगायचं नाही असंही ठरवलं होतं. "तुला कळलं की तुझ्या पानांतली भीती खोटी होईल," म्हणायची. यालाही ते पटलं होतं. बिचारा खरंच घाबरत घाबरत लिहायचा.

दुसरा नियमही तिचाच. लिहून उठताना नायिकेला मध्येच सोडायचं नाही. वाटेत असेल तर घरी पोचवायची, कडी लावायची, दिवा लावायचा, मगच फाईल बंद. मी त्याची केवढी थट्टा केली होती यावरून! म्हटलं, "अरे, कागदावरच्या बाईला झोपायला गादीही घालत जा." तो दुसऱ्या दिवशी हसला.

बुधवारी रात्री सावकाशची पाळी होती. नायिका जिना चढते आहे, मागे पावलं आहेत, इथपर्यंत आला आणि त्याला पुढचं सुचेना. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. पावलंही थांबली. आता पुढे काय? हा बसला विचार करत. आतून बायकोने हाक मारली, "अरे, पुरे आता. झोपायला ये. पहाटे उठायचंय मला." तिनेच हाक मारली, बरं का. याने तेवढीच दोन वाक्यं ठेवली, झाकण मिटलं आणि गेला झोपायला. दमला होता. दमलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

आणि गुरुवारी ती औषध द्यायला खाली गेली.

आजोबांना तिने पिशवी दिली. अर्धी गोळी रात्री, अर्धी सकाळी, असं दोनदा समजावलं. "जिन्यातला दिवा गेलाय, बॅटरी देऊ का?" असं आजोबांनी विचारलं. ती म्हणाली, "रोजचाच जिना आहे, आजोबा." आणि चढायला लागली. आजोबांनी दार लावलं.

वर सावकाश जेवणाची पानं घेत होता. त्याला चपलांचा आवाज आला. पहिला मजला, दुसरा मजला. बायकोची चाल नवऱ्याला कळतेच. मग आवाज थांबला.

थोडा वेळ त्याने वाट बघितली. दार उघडून जिन्यात वाकून हाक मारली, "अगं?"

खालून आवाज आला. "आलेच."

तो आत आला. पानात आमटी वाढली. पाणी भरून ठेवलं. ती आली नाही. पुन्हा बाहेर गेला. "अगं, काय करतेस?"

"आलेच."

तोच सूर. तेवढ्याच लांबून. सावकाश मोबाईलचा दिवा घेऊन खाली उतरला. तिसरा मजला... मधलं वळण... दुसरा मजला... तळापर्यंत. जिन्यात कोणी नव्हतं. आजोबांना उठवलं. ते म्हणाले, "केव्हाच गेली वर." फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, बाहेर कोणी पडलेलं नाही. हा धापा टाकत वर आला. दारात उभं राहून त्याने हाक मारली नाही. नुसतं ऐकलं.

खाली, वळणावर, कोणीतरी श्वास घेत होतं. चढून दमल्यासारखं.

आणि त्याच्या जरा खाली... आणखी कोणीतरी.

काय म्हणालात, जावईबापू? पोलीस? बोलावले ना. रात्री दीड वाजता आले. कॅमेरा बघितला, गच्ची बघितली, पाण्याची टाकीसुद्धा बघितली. सासरी-माहेरी फोन झाले. त्यालाच उलटसुलट चार प्रश्न विचारले, भांडण झालं होतं का, आणि कागद करून गेले. ते चौघं जिन्यातून चढले-उतरले तेव्हा काहीही ऐकू आलं नाही. त्यांची पाठ वळली आणि खालून पुन्हा, "आलेच."

समोरच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या त्याच्यासोबत दारात उभ्या होत्या. आयुष्य हॉस्पिटलात गेलेली बाई, सहज घाबरणारी नव्हे. त्यांनीही ऐकलं. एकदाच. मग त्या आत गेल्या आणि घरातले सगळे दिवे लावून बसल्या.

तेव्हा सावकाशला ती दोन वाक्यं आठवली.

त्याने लॅपटॉप उघडला. फाईल तशीच होती. वळणावर ती थांबली. पावलंही थांबली. त्यापुढे कोरी जागा. नंतर मला सांगताना म्हणाला, "फोरमनकाका, मला वाटलं, सोपं आहे. तिला घरी आणायचं, दिवा लावायचा. रोज तर करतो." त्याने दार सताड उघडं ठेवलं, लॅपटॉप उंबऱ्यावर घेतला आणि लिहिलं. ती तिसऱ्या मजल्यावर आली.

चपला वाजल्या. तुरुतुरु. तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्या.

मागून दुसरीही पावलं आली. तितकीच.

त्याने विचार करून लिहिलं, मागची पावलं खालीच राहिली, ती एकटी वर आली. एकटी, असं मुद्दाम लिहिलं. चपला वाजल्या. चौथ्या मजल्याच्या खालच्या वळणापर्यंत... आणि मागची पावलं आली. न चुकता. काही लिहा, ती येतातच. तिला दिलेली प्रत्येक पायरी त्यालाही मिळत होती.

आता फक्त एवढासा जिना उरला होता. वळणाच्या अलीकडे. दाराबाहेरच्या दिव्याचा उजेड तिथपर्यंत जायचा. उजेडात पायऱ्या दिसत होत्या. रिकाम्या.

"कसा सोडतो तो?" याने विचारलं. "ऐक ना. तू ठरवलं होतंस ना? काय केलं की तो जातो? आता सांग. आता चालेल."

काही नाही.

"अगं, सांग गं. मला नाही माहीत."

फक्त श्वास. दोन.

तो रडत होता. पंचेचाळिशीचा माणूस उंबऱ्यावर बसून लेकरासारखा रडत होता आणि कीबोर्डवर बोट ठेवून होता. एक वाक्य. ती दारात आली, एवढं एक वाक्य लिहिलं की ती घरात. आणि तिच्यामागून... काय? ते त्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं. त्याने पहिलं अक्षर उमटवलं.

"थांब."

अगदी जवळून. तिचाच आवाज. पण भराभरा नाही... हळू.

"लिहू नकोस."

...

एवढंच.

त्यानंतर ती बोललेली नाही.

नाही, भाची, मला उत्तर माहीत नाही. त्यालाही नाही. मी त्याला म्हटलं, फाईल पुसून टाक. तो म्हणाला, पुसली आणि ती जिन्यातूनही गेली तर? म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून शेवट लिहून घे. मी चांगले दोन लेखक ओळखतो, पैसे मी देतो. तर म्हणाला, ते काय लिहितील? गुपित तिच्याजवळ आहे. म्हटलं, मग घर तरी बदल. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी लाज वाटली. लिहावं तर दोघं येतात. न लिहावं तर ती तिथेच. एवढ्या बारीक नजरेचा माणूस, जगातली कुठलीही चूक दुरुस्त करून द्यायचा, आणि स्वतःच्या दोन वाक्यांना त्याला हात लावता येईना. त्याने प्रेस सोडली. दिवसभर त्या उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. लोक म्हणतात, बायको सोडून गेली म्हणून डोकं फिरलं. म्हणेनात का.

मीही तेच म्हणत होतो. खोटं कशाला सांगू? कळवळा होता, पण विश्वास नव्हता. गेल्या जानेवारीत त्याला भेटायला गेलो. गप्पा म्हणजे काय, मी बोलत होतो, तो जिन्याकडे बघत होता. दहा वाजता उठलो. बाहेर कडाक्याची थंडी. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "फोरमनकाका, भिंतीकडून उतरा. कठड्याला हात लावू नका."

मला रागच आला. माझे गुडघे असे, आणि हा मला कठडा सोडायला सांगतो! म्हटलं, "पडलो तर तू येणार आहेस उचलायला?" आणि मुद्दाम कठडा घट्ट धरून उतरायला लागलो.

लोखंड ते. हाताला चटका बसावा इतकं गार. एक पायरी... दुसरी... तिसरी. बोटं बधिर होत होती.

मग ते वळण आलं.

तिथे कठडा कोमट होता.

वीतभरच जागा. मी हात पुढे सरकवला. गार. मागे आणला. कोमट. खाली वाकून बघितलं, दिवा नाही, वायर नाही, नळ नाही. चार बोटांची आणि तळव्याची जागा. आत्ताच कोणीतरी तिथून हात उचलावा, तशी ऊब.

मी वर बघितलं. सावकाश दारात उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता.

मी हात काढून घेतला. भिंतीला पाठ लावली आणि अंग चोरून, एकेक पायरी, तिला वाट देत खाली उतरलो.