जारचा झगा आणि गुलाबी खळ

"टँकर आला! टँकर आला!"

बिभीषण बोंबलत सुटला आणि उन्हानं पेंगुळलेली अख्खी वसाहत हंडे-कळशा घेऊन रस्त्यावर आली. सुकेशनीही धावली, पण आबांच्या शेडसमोर येताच तिच्या हातातली कळशी ठणकन खाली पडली.

दोन खुंट्यांमध्ये वाळत घातलेला आबांचा ताणा मधोमध तुटला होता! काळ्या लोकरीचे धागे मातीत लोळत होते. तेही ओले, चघळल्यासारखे!

"आई गं! पुन्यांदा!" सुकेशनी ओरडली.

तिचे आजोबा, सोनाजीआबा, घोंगड्या विणायचे. सोयगावकडं चारा-पाणी आटलं, तसं कुटुंब संभाजीनगरच्या कडेला, फुलंब्री रस्त्यावरच्या या नव्या वसाहतीत येऊन राहिलं होतं. पण शहरात घोंगडी घेतो कोण? मे महिन्यात तर लोक विचारायचे, "आजोबा, हिच्यात एसी बसवून मिळंल का?"

मग सुकेशनीच्या आईला, अंबिकाला, एक भन्नाट कल्पना सुचली. लग्नातल्या थंड पाण्याच्या जारचं पाणी तासाभरात कोमट व्हायचं. ती म्हणाली, "घोंगडी ऊब धरती, तशी थंडीबी धरंल की!" तिनं जुन्या घोंगडीचा झगा शिवून जारला चढवला. सगळी गल्ली खो खो हसली. "जारला स्वेटर! आता कानटोपीबी घाला!" पण संध्याकाळी त्याच जारमधलं पाणी पिऊन हसणाऱ्यांचे दात शिवशिवले. लग्नाला जार पुरवणाऱ्या सर्जेरावशेठनी तर लगेच झग्यांची ऑर्डर दिली. "रविवारी माल द्या, नाहीतर मी थर्माकोलचे डबे घेतो," असंही बजावलं.

आता घोंगडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर टिकायचा तर त्याला चिंचोक्याची चिकट खळ लावून कडक उन्हात वाळवावं लागतं. आणि आबांचा एक नियम होता, त्यांच्या वडलांपासून चालत आलेला. ओल्या ताण्यावर कुणाची सावली पडता कामा नये! त्यामुळं खळ लावली, की घरातले सगळे आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. ताणा बाहेर एकटाच वाळायचा. आणि दोनदा तो असा तुटला होता.

"करणी हाय ही," आबा मटकन खाली बसले. "एकाच ताण्यापुरती लोकर उरली आता. तोबी गेला तर मागाचा खड्डा बुजवतो अन् कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो."

खड्डा बुजवायला मुरुमाचा ढीग त्यांनी आधीच टाकून घेतला होता. आबांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी माग चालवायचा. "तुझे पाय तळाला टेकले, की तुला विणायला शिकवीन," असं आबांनी कबूल केलं होतं. दर सुट्टीत ती पाय सोडून बघायची. अजून चार बोटं कमीच पडत होती. आणि आता खड्डाच राहणार नव्हता! तिला रडू आवरेना.

"अहो सोनाजी!" मागून खणखणीत आवाज आला. वरातीला घोडी देणारे काकासाहेब गॉगल लावून उभे होते. "तुमची मेंढरंच खात असतील! जनावर कसं सांभाळावं, ते माझ्याकडून शिका!"

"मेंढरं तर बाबासंगं कन्नडकडं चरायला गेलीत की," सुकेशनी नाक पुसत म्हणाली.

"मग कुणाची तरी असतील! माझी बिजली बघा. बदाम खाते, बदाम! आणि मी मारलेली गाठ ब्रह्मदेवालासुद्धा सुटायची नाही!"

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांची पांढरी घोडी उभी होती. बदाम खाणाऱ्या त्या बिजलीच्या बरगड्या मात्र लांबूनही दिसत होत्या.

एवढ्यात समोरच्या बंगल्यातला ऋतुराज भिंग घेऊन हजर झाला. सुट्टी लागल्यापासून तो गुप्तहेर झाला होता. "बाजूला व्हा! ठसे बघू द्या! हां... ठसे सापडले!"

"कुणाचे?"

"अख्ख्या वसाहतीचे!" तो पडेल आवाजात म्हणाला. टँकरच्या गर्दीनं जमीन पार तुडवून टाकली होती.

सुकेशनीनं धाकट्या भावाला धरलं. "बिभ्या, तुला ऋतुराजच्या गच्चीवर पहाऱ्याला बसवलं होतं ना?"

"बसलो होतो की! डोळं मिटून बसलो होतो. लई ऊन लागतं डोळ्याला."

"म्हंजी झोपला होतास!"

"थोडासाच," बिभीषण म्हणाला.

सुकेशनीनं तो तुटका धागा बोटांत फिरवला. धागा कापलेला नव्हता. खळ मात्र चाटूनपुसून साफ! "कुणाला तरी धाग्याची नाय, खळीची चटक लागलीय," ती म्हणाली. "ऋतुराज, तुझ्या आईकडं बर्फीत टाकायचा रंग हाय का?"

"गुलाबी आहे. का?"

"पहारेकरी झोपतो. रंग झोपत नाय!"

दुसऱ्या दिवशी तिघांनी तुटके धागे गोळा करून गाठी मारल्या आणि खुंट्यांमध्ये खोटा ताणा ताणला. गुलाबी रंग कालवलेली खळ त्याला चोपडली. काळ्या लोकरीवर रंगाचा पत्ताही लागेना! मग तिघंही शहाण्यासारखे घरात जाऊन बसले.

टँकर आला तेव्हा खोटा ताणा तुटलेला होता.

"चला! ज्याचं तोंड गुलाबी, तो चोर!" ऋतुराज ओरडला आणि शोध सुरू झाला. बदाम खाणाऱ्या बिजलीवर कुणाचा संशयच नव्हता. शेळ्या पाहिल्या. त्यांची तोंडं स्वच्छ! गाढवानं तोंड दाखवायचं सोडून लाथ दाखवली. एका कुत्र्यानं सगळे दात दाखवले, तेव्हा गुप्तहेर भिंग टाकून पळाला. दमून तिघं घरी आले, तर दारातच आई ओरडली, "बिभ्या! तुझं तोंड गुलाबी कशानं झालं रे?"

"मी ताणा नाय खाल्ला!" बिभीषण रडकुंडीला आला. "नुसतं भांडं चाटलं! म्हटलं, बर्फीसारखी लागती का बघावं!"

"मग कशी लागली?" ऋतुराजनं विचारलं.

"चिंचोक्यासारखी!"

संध्याकाळी वसाहतीत वरात निघाली. बँड दणाणत होता. नवरदेव बिजलीवर ताठ बसला होता आणि काकासाहेब लगाम धरून मिरवत होते. बिजलीच्या तोंडावर मोत्यांची झालर सोडलेली होती. मांडवाच्या दारात सर्जेरावशेठचं पाणी पिऊन पाहुणे कुरकुरत होते, "शेठ, पत्ती-साखर टाका, चहाच होईल!"

तेवढ्यात ढोलवाल्यानं जोरात टिपरू हाणलं. बिजलीनं मान झटकली, झालर उडाली आणि... गुलाबी ओठ! गुलाबी जीभ! दातसुद्धा गुलाबी!

"अगं बया! नवरीच्या आधी घोडीच नटली!" एक बाई किंचाळली.

"सापडली!" सुकेशनीनं उडीच मारली. "काका, तुमच्या बिजलीनंच आबांचा ताणा खाल्ला!"

"अशक्य!" काकासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "माझी गाठ सुटत नाही! बिजली परक्याच्या हातचं हुंगतसुद्धा नाही!"

"असं व्हय? थांबा!"

सुकेशनी घराकडं पळाली. आई उद्याच्या ताण्यासाठी खळ शिजवून निववत होती. त्यातली वाटीभर घेऊन ती परत आली आणि लांबूनच वाटी पुढं धरली.

बिजलीच्या नाकपुड्या फुलल्या. तिनं एकच हिसडा दिला, तशी काकासाहेबांच्या हातातला लगाम सुटला आणि ती दुडक्या चालीनं वाटीमागं निघाली!

"ए! ए! मांडव तिकडं आहे!" नवरदेव फेटा सावरत ओरडला.

बँडवाल्यांना वाटलं, वरातीचा रस्ताच बदलला. तेही वाजवत मागं निघाले. त्यांच्यामागं वऱ्हाड, वऱ्हाडामागं काकासाहेब, "बिजले, थांब गं!" करत.

तिसऱ्यांदा धागे तुटलेले पाहून आबांनी आशाच सोडली होती आणि ते मुरुमाचं घमेलं उचलून शेडकडं निघाले होते. दारात नवरदेव, घोडी आणि बँड पाहून ते चक्रावले. "चुकलात पाहुणे! आमच्यात लगीन नाय!"

बिजलीनं वाटी चाटून लख्ख केली, मग सरळ खुंट्यांकडं जाऊन उरलेले धागे चघळायला लागली. दुपारी वाट पाठ झालेलीच होती! काकासाहेबांनी गॉगल काढला. "कडबा फार महागलाय हो," ते पुटपुटले. "आणि दुपारी माझा जरा डोळा लागतो. गाठ... सैल राहत असेल."

"जनावराचा काय दोष? भुकेलंय ते," आबा बिजलीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले. "काकासाहेब, बदाम राहू द्या. पेंडीभर कडबा टाकत जा."

"टाकीन. तुमच्या लोकरीची भरपाईसुद्धा करीन."

"अन् ताणा वाळंस्तोवर राखणबी तुमीच करायची!" सुकेशनी म्हणाली. "लांब उभं राहून, उन्हात. छत्री नाय चालायची. सावली पडती!"

वऱ्हाड पोट धरून हसलं. सर्जेरावशेठ पुढं आले. "सोनाजीबाबा, आज कोमट पाण्यावरून लई बोलणी खाल्ली मी. पुढच्या रविवारी माल द्या, चालंल. थर्माकोल गेलं खड्ड्यात! अन् पोरांनो, तुमच्या डोक्याला मानलं. चला जेवायला, बर्फी हाय!"

"गुलाबी नको!" बिभीषण घाईघाईनं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब भर उन्हात घाम पुसत उभे राहिले आणि ताणा अखंड वाळला. आबांनी तो मागावर चढवला आणि हाक मारली, "सुकेशनी, बस इथं."

तिनं खड्ड्यात पाय सोडले. "आबा, चार बोटं कमी पडत्यात अजून."

"पाय कमी पडू दे. डोकं पुरून उरलं तुझं," आबा म्हणाले. ते बाहेर गेले, ढिगातून घमेलंभर मुरूम घेऊन आले आणि खड्ड्याच्या तळाशी ओतून हातानं थोपटला. "आता टेकव."

सुकेशनीचे पाय टेकले.

"बास! खड्डा बुजवायचा तेवढा बुजवला," आबा म्हणाले, "आता हाण पाय!"