टोपीसकट उंची

"अगंबाई, दगड वर चाललाय!" मी ओरडले, आणि मागून कुणीतरी हसलं.

त्या श्रावणात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी दोन्ही धबधबे भरून वाहत होते. तारामती मावशी आडोशाला भाकरी सोडत होती, आणि मी कितीतरी वेळ नुसतं पडणारं पाणी बघत बसले होते. तिथून नजर काढून बाजूच्या काळ्या भिंतीकडं पाहिलं, तर भिंत सरसर वर निघालेली!

मी वळले. वरच्या पायरीवर एक तरुण उभा होता. पांढरी टोपी, शिडशिडीत अंग, आणि डोळ्यांत नको तेवढं हसू.

"हसायला काय झालं?"

"मला वाटायचं, मला एकट्यालाच तसं दिसतं... म्हणून हसलो. दरसाल येतो मी बघायला."

"मग खरंच वर जातो का दगड?"

"हात लावून बघा की."

लावला. दगड जागचा हलला नव्हता. तळहात गार पडला, कान मात्र तापले.

त्याचं नाव शिवशरण. कापडाचं दुकान आमच्याच तुळजापुरात. लढाईमुळं कापड कंट्रोलवर, अशा दिवसांतही त्याच्या गजाला सूतभर कमी येत नाही, अशी गावभर ख्याती. मी त्याच्याकडून लाल लुगड्यासाठी राखाडी काठपट्टी आणली. घरी लुगड्यावर ठेवली, तर चक्क हिरवट! तशीच भांडायला गेले.

"पट्टी बदलून दिलीत तुमी."

गादीवर बसल्या बसल्या त्यानं तीच पट्टी हिरव्या कापडावर टाकली. तांबूस दिसली. पांढऱ्यावर टाकली... पुन्हा राखाडी.

"रंग तोच हाय, शिवगंगाबाई. शेजार बदलला."

"माणसाचं पण असंच असतंय का?"

"ते तुमच्या शेजारी बसून बघावं लागंल," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून मापाचा गज पुसायला लागला.

मग मला सारखंच काहीतरी लागायला लागलं. कधी दोरा, कधी बटणं. एकदा त्यानं एका बटणाभोवती मोठमोठी बटणं मांडली आणि दुसऱ्याभोवती बारकी. मधली दोन्ही सारखीच, पण मोठ्यांतलं इवलंसं दिसत होतं. "मोठ्यांत बसलं की असं व्हतंय," तो म्हणाला. मला ते फार आवडलं. मावशी मात्र वैतागली, "ह्या पोरीला एवढी बटणं कशाला लागत्यात?"

एके दिवशी मी छत्री विसरले. ती द्यायला तो पहिल्यांदाच गादीवरून खाली उतरला, अगदी माझ्यासमोर उभा राहिला... आणि माझ्याकडं बघायला त्याला मान वर करावी लागली. मी त्याच्यापेक्षा उंच होते, चांगली दोन बोटं! त्यानंही ते पाहिलं. छत्री माझ्या हातात देऊन तो पटकन पुन्हा गादीवर चढून बसला.

आठ दिवसांनी त्याच्याकडून मागणी आली. माझे वडील, अप्पा, हरखले. पण त्याला वाढवणाऱ्या लक्ष्मम्मा आत्यांनी सोबत निरोप धाडला होता, "पोरगी उंच हाय म्हनं. आमच्यात नवऱ्यापेक्षा उंच बायको चालत न्हाय." मला रडूच कोसळलं. मला तोच हवा होता, दुसरा कुणीही नको होता.

मग मला बटणं आठवली.

बघायला यायच्या दिवशी मी घरातली धान्याची सर्वांत उंच कणगी सोप्यात ढकलून आणली. एका बाजूला कणगी, दुसऱ्या बाजूला धिप्पाड तारामती मावशी, आणि मधे मी. लक्ष्मम्मांनी मला न्याहाळलं.

"एवढी काय उंच दिसत न्हाय की."

मी मनात उडी मारली. तेवढ्यात त्यांनी चंचीतून हळदीचा पिवळा दोरा काढला.

"पर डोळ्यांचा काय भरवसा? आमच्या घरची रीत हाय. शिवशरणनं आपल्या हातानं सोताची उंची मोजून दोरा दिलाय. त्याच्या मापाला बोट लावायची सोय न्हाय."

दोऱ्याचं एक टोक टाचेखाली गेलं, दुसरं पाठीवरून वर सरकलं. मी डोळे मिटून घेतले. कणगी काय करणार आता?

"झाक! वर दोन बोटं उरला की."

मी डोळे उघडले. दोरा खरंच माझ्या डोक्याच्या वर होता. डोळे फसतात, पण दोरा कसा फसेल?

आत पानसुपारी सुरू झाली, तशी मी ओसरीवर बसलेल्या शिवशरणला पाणी न्यायचं निमित्त केलं.

"उंची कशी मोजलीत?"

"...टोपीसकट."

"टोपी काय चार बोटांची असती व्हय?"

"टाचा पण उचलल्या व्हत्या." त्याची नजर तांब्यावर होती. "आजवर कुणाला खोटं माप दिलं न्हाय, शिवगंगा. हे पहिलंच. तुमी दुसऱ्या घरी गेला असता, तर मला गज हातात धरवला नसता."

एवढा चोख माणूस, आणि माझ्यासाठी खोटा झाला.

लग्नात आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. लक्ष्मम्मा जवळ आल्या, एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिल्या. मी शालूच्या आत हळूच गुडघे वाकवले.

"शिवशरण, सून उंच दिसतीया रं..."

"भास हाय, आत्या," तो गंभीरपणे म्हणाला, आणि टाचा उचलून उभा राहिला.