हवा धरलेलं इंजिन

युसूफ वडगाव या गावाच्या फाट्यावर ट्रॅक्टर बंद पडला, तो नेमका शिवकन्याच्या गॅरेजसमोर. मागं दोन ट्रॉल्या... ऊसतोडीला निघालेली माणसं, भांडीकुंडी, दोन शेळ्या. ड्रायव्हर युवराज खाली उतरला.

"मिस्त्री कुठं हायत?"

"तुमच्या म्होरंच," शिवकन्या म्हणाली.

युवराज गडबडला. "डिझेल आत्ताच टाकलंय. तरी चालू होईना."

"त्याआधी टाकी कोरडी होऊस्तोर पळवला आसंल."

"पंपापतूर पुरंल वाटलं..."

"न्हाई पुरलं. म्हनून लाइनीत हवा शिरली."

तिनं स्वतः केलं असतं, तर पाच मिनिटांचं काम. पण कारखाना पार कर्नाटकात. वाटेत पुन्हा बंद पडला तर हा कुणाला विचारणार? तिनं पाना त्याच्या हातात दिला. "फिल्टरवरचा नट ढिला करा. काढू नका. आता इंजिनावरचा हातपंप मारा, बुडबुडे थांबूस्तोर."

फेसाळ डिझेल तिच्या बोटांवर उडालं. त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"युवराज, इंजिनाकडं बघ की रं," ट्रॉलीतून मुक्ताकाकू म्हणाली. टोळी हसली.

पोरगा शिकत होता. सगळं शिकला, तर परत इथं कशाला थांबेल? शेवटची गोष्ट सांगावी की नको... शिवकन्यानं बोटांवरचं डिझेल फडक्याला पुसलं. मग म्हणाली, "डिझेल वाहतंय तवरच नट आवळा. हात थांबला की हवा पुन्हा आत."

इंजिन धडधडलं.

"नंबर द्या," तो म्हणाला.

"आता तर समदं येतंय तुमाला."

"तरी..."

तिनं दिला.

दिवाळी गेली, संक्रांत आली. फोन नाही. म्हणजे नीट शिकला होता. तिला अभिमान वाटायचा, अन् लई रागही यायचा.

एका सकाळी फोन वाजला.

"मॅडम, इंजिन चालू होईना."

"डिझेल?" तिनं विचारलं.

"हाय."

"नट आवळला?"

"व्हय."

ती ऐकत राहिली. त्याच्या पाठीमागं धडधड... एकसारखी.

"मग ह्ये कुनाचं वाजतंय?"

पलीकडून ओशाळं हसू आलं.

"माजंच."

"फोन कावून केला मग?"

"तुमी शिकवलेलं समदं जमतंय. तुमच्याबिगर करमायचं... तेवढं जमंना."

शिवकन्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"आधी इंजिन बंद करा," ती हळूच म्हणाली. "आन् पुन्हा एकदा म्हना."