काठावरच्या पेशी

आमची पहिली भेट म्हणजे मी त्याच्या हातावर मारलेली चापट.

झालं असं, की दुपारी बर्फाचं भांडं घेऊन मी लॅबमध्ये परतले, तर माझ्या टेबलाशी एक अनोळखी माणूस उभा. उंच, चष्मेवाला, केस पिंजारलेले. आणि हा गृहस्थ उघड्या हातांनी माझ्या नळ्यांच्या पेटीचं झाकण उचलत होता. माणसाच्या कातडीवर आरएनएचा फडशा पाडणारी द्रव्यं असतात. एक बोट लागलं की केलेली सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तर माझ्या टेबलाला अख्खी लॅब ‘सोवळ्यातलं टेबल’ म्हणते. मी भांडं ठेवलं आणि काही न बोलता चापट मारली.

“आई गं,” हात चोळत तो म्हणाला. “तुमच्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच होतं?”

“पाहुणे हातमोजे घालून येतात.”

“मी फक्त चिठ्ठी वाचत होतो. ‘रिकामटेकडा – जपून.’ हे... कोणाबद्दल आहे?”

“तुमच्याबद्दल नाही. अजून तरी.”

तो हसला. हसताना त्याचा चष्मा थोडा वर सरकतो, हे तेव्हाच लक्षात आलं, आणि असलं काही लक्षात आल्याचा मला रागही आला.

रिकामटेकडा म्हणजे माझा आरएनए. पेशीतले पुष्कळसे आरएनए प्रथिनं बनवायचे निरोप पोचवतात. काही मात्र कसलाच निरोप नेत नाहीत. पूर्वी लोक त्यांना केरात काढायचे. माझं म्हणणं असं, की हा रिकामटेकडा पेशीत असला की कर्करोगाची पेशी जागची हलत नाही, आणि तो काढून टाकला की ती पसरायला निघते. एवढं एक वाक्य खरं करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली होती. आईला एकदा समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “काही कामधंदा न करणाऱ्याच्या मागे एवढी वर्षं? बाई गं, जावई तरी असला आणू नकोस.”

तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. लॅब त्यांची, आणि लॅबमधला शेवटचा शब्दही त्यांचाच.

“ओळख झाली वाटतं,” त्या म्हणाल्या. “हा वरच्या मजल्यावरच्या लॅबमधला. तुझा प्रयोग आता हा करून बघणार.”

मॅडमचा एक दंडक आहे. कुठलंही काम छापायला पाठवण्याआधी ते बाहेरच्या माणसानं, फक्त लिहिलेली पद्धत वाचून, स्वतः पुन्हा करायचं. ज्याचं काम आहे त्यानं त्या काळात चकार शब्द काढायचा नाही. ना सूचना, ना टोमणा, ना भुवई उंचावणं.

“याच्याकडे तुझ्यासारखाच निकाल आला तर पाठवू,” मॅडम म्हणाल्या. “नाही आला, तर हे काम इथंच थांबवू. तुझी जागाही याच कामावर आहे, हे वेगळं सांगायला नको.”

नको होतं सांगायला. माझं सगळं भवितव्य अशा माणसाच्या हाती गेलं होतं, ज्याच्या हातावर मी नुकतीच चापट मारली होती.

लॅबमध्ये त्याचं नाव पडलं ‘साक्षीदार’. प्रयोगावर बोलायचं नाही म्हटल्यावर बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायला आम्ही मोकळे होतो, आणि ती मोकळीक आम्ही पुरेपूर वापरली. जिन्याच्या वळणावर चहाचं यंत्र होतं, शेजारी खिडकी. मी निघाले की तो यायचा, की तो आला की मी निघायचे – देव जाणे.

“आज काय केलंत?” मी विचारायचे.

“सांगता येणार नाही.”

“बरं, जे केलंत ते नीट झालं का?”

“तेही सांगता येणार नाही.”

“मग चहा कसा झालाय ते तरी सांगा.”

“चहा...” माझ्याकडे बघत तो म्हणायचा, “फारच छान.”

“आधी पिऊन तर बघा.”

एकदा खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता आणि काचेवर वाफ धरली होती. मी विचारलं, “रविवारी काय करता?”

“इथंच येतो. पेशींना खाऊ-पिऊ घालायला. त्या वाट बघतात.”

“तुम्हाला कोणी माणसं नाहीत का?”

“होतील की... कोणी रविवारी भेटलं तर.” मग कपात फुंकर मारत, “तुम्ही का नाही येत?”

“मी शुक्रवारी संध्याकाळी आईकडे पळते ते सोमवारी उगवते. माझ्या पेशी समजूतदार आहेत.”

“तुमच्यावर गेलेल्या दिसत नाहीत,” तो म्हणाला, आणि माझा चहा नाकात गेला. त्यानं रुमाल पुढे केला. तो मी परत द्यायला विसरले, म्हणजे मुद्दामच विसरले.

आणि मग एके दिवशी तो चहाला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर “घाईत आहे” म्हणून भिंतीला खेटून निघून गेला. मी दोन कप भरून खिडकीशी उभी राहिले आणि दोन्ही स्वतःच प्यायले. आईला फोनवर म्हटलं, “माणसं विचित्र असतात.” आई म्हणाली, “माणसं की माणूस?” मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं, आणि त्याहून मला स्वतःचा संताप आला होता.

निकालाच्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. पद्धत अशी: तळाला बारीक छिद्रं असलेल्या छोट्या वाट्यांमध्ये पेशी घालायच्या, आणि छिद्रांतून पलीकडे किती निसटल्या ते मोजायचं. माझ्याकडे रिकामटेकडा काढला की झुंडीनं निसटत. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“फरक नाही,” त्या म्हणाल्या. “काढला काय आणि ठेवला काय, सारखंच.”

मी त्याच्याकडे वळले. “तुम्ही नीट मोजलंत का? का तेही घाईत केलंत?”

उत्तर मॅडमनी दिलं.

“मोजणी मी केलीये. यानं मला लेखी दिलं होतं, की त्याची नजर आता निःपक्षपाती राहिलेली नाही, त्याला मोजणीतून वगळावं. कारण विचारलं तर म्हणाला, वैयक्तिक आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “मी कारण विचारायला नको होतं. इतकं काही अवघड नव्हतं ते ओळखणं.”

त्याचे कान लाल झाले होते.

मी उठून बाहेर आले. तो मागून आला.

“काठावरच्या पेशी,” तो हळूच म्हणाला. “ज्या धड अलीकडे नाहीत, धड पलीकडे नाहीत... सरावाची वाटी मोजताना मी त्या तुमच्या बाजूनं धरायला लागलो होतो. स्वतःलाच पकडलं. म्हणून चहाला येणं बंद केलं. तुमचा निकाल यावा असं मला फार वाटत होतं, आणि तसं वाटणाऱ्या माणसानं दिलेला निकाल तुमच्या काय कामाचा?”

मला रडायला येत होतं आणि तरी मी बावळटासारखी हसत होते. माझी नोकरी गेल्यात जमा होती आणि माझ्या छातीत मात्र पिपाणी वाजत होती.

“चला,” मी म्हटलं, “आता तोंडावरचं कुलूप निघालंय. तुमच्या पेशी दाखवा.”

त्यानं उबवणीच्या कपाटातून बाटली काढली. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बघतच राहिले. ऐसपैस मोकळी जागा, मध्ये मध्ये पेशींची बेटं.

“एवढ्याच? पुढे वाढवत नाही?”

“निम्मी बाटली भरली की वापरतो. सगळेच तसं करतात. तुम्ही लिहिलंय, ‘पेशी वाढू द्याव्यात’.”

“निम्मी? माझ्या सोमवारी खचाखच असतात, पाय ठेवायला जागा नसते–”

बोलता बोलता मी थांबले. तोही थांबला.

“शुक्रवारी आईकडे,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही रविवारी येऊन त्यांना विरळ करता.”

आम्ही धावलोच. त्याच्या विरळ पेशींमध्ये रिकामटेकडा किती आहे ते मापून बघितलं. जवळजवळ नव्हताच. माझ्या दाटीवाटीच्या पेशींमध्ये भरभरून होता. शेजारीपाजारी असल्याशिवाय हा पठ्ठ्या उगवतच नव्हता. जो मुळात नाहीच, तो काढून फरक कुठून पडणार? इतकी वर्षं माझ्या आठवड्याच्या सुट्टीनं माझा प्रयोग यशस्वी केला होता, आणि ते पद्धतीत लिहायचं मला सुचलंही नव्हतं. साक्षीदार खुर्चीत बसून खो-खो हसत सुटला. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि मिठीही मारावीशी वाटली.

मॅडमनी ऐकून घेतलं. “पुन्हा करा. या वेळी दोघं मिळून. वाट्यांवरची नावं मी झाकते, मोजणारही मीच. तुम्हा दोघांच्या नजरेचं आता काही खरं नाही.”

मोजणीच्या दिवशी त्या आत सूक्ष्मदर्शकाशी बसल्या आणि आम्ही बाहेर बाकावर. दाराखालच्या फटीतून दिव्याचा उजेड दिसत होता. तो नखं कुरतडत होता. माझे तळवे ओले झाले होते. निकाल आला नाही तर सोमवारपासून मला इथं येण्याचं काही कारण उरणार नव्हतं.

“ऐका,” मी म्हटलं. “मला एक सांगायचंय, आणि ते आत्ताच सांगायला हवं. निकाल लागल्यावर सांगितलं तर तुम्हाला वाटेल, आनंदाच्या भरात बोलली. किंवा दुःखाच्या.”

“म्हणजे निकालाशी संबंध नाही.”

“काडीचा नाही.” मी श्वास घेतला. “तुम्ही चहाला यायचे बंद झालात ना, तेव्हा मी रोज दोन कप भरत होते. मला तुम्ही आवडता. खूप. मी इथं असले तरी, नसले तरी. एवढंच.”

त्यानं माझा हात हातात घेतला, ओल्या तळव्यासकट. मग म्हणाला, “आता ‘अहो-जाहो’ पुरे... तू इथं नसलीस, तर रविवारी मी पेशींकडे नाही, तुझ्याकडे येईन.”

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याच्या कोटाला साबणाचा वास येत होता.

दार कधी उघडलं कळलंच नाही. मॅडम दारात उभ्या होत्या आणि, त्या नंतर सगळ्यांना सांगत फिरल्या त्याप्रमाणे, “फरक आलाय, ढळढळीत आलाय” हे त्यांना आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, तेव्हा कुठे आमच्यातल्या एकाला ऐकू गेलं. ती मी होते. मी रडायला लागले. हात मात्र सोडला नाही.