पाटी न लावलेलं दृश्य

टीव्ही बंद करा रे आधी. नुसता आवाज कमी नाही, बंदच करा. हां... आता सांगतो.

हे ऐकीव नाही, माझ्या बघण्यातल्या माणसाचं आहे. शहरातल्या एका केबल चॅनेलवर तो बातम्यांची दृश्यं कापायचा, जोडायचा, म्हणून सगळे त्याला कात्रीच म्हणत. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार होता. रात्रपाळीला जाताना गडी डबा घरीच विसरला. दहाच्या सुमारास त्याने ऑफिसातून धाकट्या भावाला फोन केला.

"आणतोस का रे? पोटात कावळे ओरडताहेत."

"निघालोच, दादा. पण निम्मी भाजी मी संपवलीय हं."

कात्री हसला, पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळी, आदली रात्रपाळी सुटता सुटता, मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी आली होती. बातमी होती, दृश्य नव्हतं. अशा वेळी जुन्या साठ्यातलं काहीतरी लावतात आणि कोपऱ्यात 'संग्रहित' अशी पाटी टाकतात. कात्रीने कुठल्याशा बाजाराचं दृश्य लावलं. त्यात एक फुगेवाला कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. घाईत पाटी राहिली. संध्याकाळच्या आत लोकांनी त्या फुगेवाल्याला शोधून काढलं आणि भर चौकात दगडांनी ठेचून मारलं.

मालक म्हणाला, "चूक झाली असं कुठं बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." कात्री गप्प बसला.

दहाच्या बातम्या सांगून निवेदिका घरी गेली. कात्रीने स्टुडिओला कुलूप घातलं, जाहिराती लावल्या आणि आपल्या खोलीत येऊन बसला. समोरच्या पडद्याचा आवाज तो नेहमी बंदच ठेवी.

मध्येच जाहिरात थांबली.

पडद्यावर तोच बाजार. तोच फुगेवाला. पण हसत नव्हता... त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकला. मागे बाजार नव्हताच. ऑफिसकडे येणारा रस्ता होता. त्या रस्त्याने डबा हलवत धाकटा चालला होता.

खाली ठळक अक्षरं. 'हाच तो.'

कात्रीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर उपटली. चित्र जाईना. त्याने फोन लावला.

"पळ! कुठल्याही घरात घूस!"

"दादा, हे लोक माझ्याकडे असे का बघ..."

मग नुसता आरडाओरडा. "हाच! टीव्हीवरचा!"

"दादा, सांग ना यांना... सांग ना..."

एक काठी बसली. मग मोजता येईनात. हाड मोडतं ना, पोरांनो, त्याचा आवाज फोनमधूनही येतो. पडद्यावर सगळं दिसत होतं. तिथं कॅमेरा नसताना. धाकट्याने डोकं हातांनी झाकलं. त्यांनी हात मोडले. एकाने दगड उचलला. दोन्ही हातांनी.

"दादा..."

मग काही नाही.

कात्री धावत पोचला तेव्हा रस्ता रिकामा होता. भाऊ ओळखावा लागला तो शर्टावरून. चेहरा राहिलाच नव्हता. त्याने ते डोकं मांडीवर घेतलं आणि असा टाहो फोडला की वरच्या खिडक्यांतले दिवे पटापट विझले.

पोलिसांनी पंधरा-वीस जण धरले. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. सगळे एकच सांगत.

"साहेब, टीव्हीवर बघितलं. बातम्या देणारा स्वतः म्हणाला, आत्ता त्या रस्त्याने चाललाय."

"बातम्या देणारा? तिथं तर बाई असते."

"नाही, साहेब. पुरुष होता. तोंड फुटलेलं... एक डोळा लोंबत होता. बोलता बोलता थांबायचा आणि रक्त थुंकायचा."

चॅनेलचं रेकॉर्डिंग तपासलं. त्यात पहाटेपर्यंत साबणाच्या जाहिराती होत्या. दुसरं काही नाही.

मग स्टुडिओ उघडायला लावला. कुलूप जसंच्या तसं. खिडकी त्या खोलीला नाहीच. आत अंधार. कुणीतरी दिवा लावला...

निवेदिकेच्या टेबलावर, माइकच्या बाजूला, एक दात पडला होता. मुळासकट. अजून ओला.