जोडीची गोटी

जुन्या पिनबॉल यंत्रांचे मी कॉम्प्युटर गेम बनवते. हे ऐकलं की आसनगावातले आमचे शेजारी "अरे वा" म्हणतात आणि लगेच लग्नाचं विचारतात. काम तसं कारकुनी आहे. यंत्र उघडायचं, फळीचा उतार मोजायचा, एकेका घंटीचा आवाज टिपायचा आणि सगळं पडद्यावर हुबेहूब उभं करायचं. लोखंडी गोटी उतारावरून खाली येते. तळाशी दोन छोटे फ्लिपर, म्हणजे हलते दांडे, असतात; डावं बटण दाबलं की डावा उचलला जातो, उजवं दाबलं की उजवा. ते गोटीला वर उडवतात. दोघांच्या मधून गोटी पडली की खेळ संपला. यात गूढ काही नाही.

धसईचा अनिल माझ्याबरोबर मुरबाडच्या कॉलेजात होता. त्याच्या घराची मागची खोली पाडायची होती आणि त्या खोलीत त्याच्या वडिलांचं यंत्र होतं. गणूकाका ते टेम्पोत घालून म्हसाच्या जत्रेपासून गावोगावच्या जत्रांत फिरवायचे. ते वारल्यापासून त्यावर भाताची पोती रचलेली. भंगारवाला ठरला होता, पण अनिलची आई, सकुकाकी, हटून बसली होती.

"यंत्र जाऊ दे," ती मला म्हणाली. "पन ह्यांचा खेळ तेवढा उतरवून घे गो. आवाज तरी ऱ्हाईल घरात."

पोती हलवून मी कामाला लागले. एक गोष्ट डोळ्यांत भरली. डावं पितळी बटण बोटाच्या घासण्यानं पार खोलगट झालं होतं. उजवं मात्र त्या मानानं बरंच कमी झिजलं होतं.

"काका डावखुरे होते का रे?"

"नाय," अनिल म्हणाला. "का गो?"

मी विषय सोडून दिला. पुढच्या आठवड्यात यंत्र भंगारात गेलं.

गेमचं काम पावसाळाभर चाललं. गणपतीच्या सुमारास घंट्या बसल्या, उतार जमला. लॅपटॉपवर डाव्या शिफ्टनं डावा फ्लिपर, उजव्या शिफ्टनं उजवा. एका दुपारी मी गेम बंद करायला गेले तर तो बंद होईना. एक गोटी आपणहून सुटली, वर गेली, घंटी वाजवून खाली आली आणि डावा फ्लिपर उचलला. अगदी वेळेवर. गोटी हलकेच वर चढली आणि उजव्या बाजूला उतरली. तिथं कुणी नव्हतं. ती पडली आणि गेम बंद झाला.

कुठंतरी चूक राहिली असणार, असं मी धरून चालले. दोन दिवस कोड उसवला. गेम बंद होताना गोटी सोडा, असं मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. तरी रोज पहिल्यांदा बंद करताना ती गोटी यायची, फक्त एकदाच. डावीकडून सुरेख टोला बसायचा आणि गोटी उजवीकडे येऊन पडायची. चिडचिड व्हायची. भीती वाटत नव्हती, कारण तो टोला फार मायेचा होता. दुसऱ्याला सोपं जावं म्हणून टाकतात तसा.

गेम दाखवायला धसईला गेले तेव्हा सकुकाकी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी समोरच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पहिली घंटी वाजली आणि तिचा हात परातीत थांबला. डोळे भरून आले, पण ती हसली.

मग मी गेम बंद केला. गोटी सुटली. डावा फ्लिपर उचलला, गोटी उजवीकडे निघाली.

"काकी, हे उजवं बटण दाबा," मी गमतीनं म्हटलं.

"अगो, हात पिठाचे हायेत माजे!"

गोटी पडली.

सकुकाकी काळ्या पडद्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

"असंच म्हनायची मी," ती म्हणाली. "जत्रंत नवी जोडपी यायची. पोरगा डाव्या बटनाला, पोरगी उजव्या. जोडीची गोटी म्हनायचे तिला. दुकान बंद करताना हे मला हाक मारायचे, 'सकु, ये गो, एक गोटी.' मी मागंच चुलीशी असायची. म्हनायची, हात पिठाचे हायेत. मंग एकटेच मारायचे. उजवीकडं गोटी आली की पडू द्यायचे, हात लावायचे नाय."

"रोज?"

"रोज. एकदा हात पुसून गेले असते तं काय झालं असतं गो?"

मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, स्टुलासमोर बसली आणि मी दाखवलेल्या उजव्या शिफ्टवर बोट ठेवलं. मी गेम उघडून बंद केला. तो नुसताच बंद झाला. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"दुकान रोज एकदाच बंद व्हतं," ती म्हणाली. "आज ऱ्हातेस? उद्या सकाळी बसू."

मुरबाडची शेवटची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, रविवारी नक्की येते.

"ये. मी हात धुऊन बसंन."

राहायला हवं होतं. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

शुक्रवारी दुपारी, आसनगावला, काम संपवून मी गेम बंद केला. गोटी सुटली. डावीकडून तोच मऊ टोला बसला. गोटी उजवीकडे उतरली.

उजवा फ्लिपर उचलला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

जरा उशीर झाला होता, टोला तिरका बसला. डावीकडून गोटी सांभाळून परत आली. उजवीकडून पुन्हा टोला, या वेळी जमला. घंट्या वाजू लागल्या. खरं सांगते, आधी मला आनंदच झाला.

मग फोन वाजला. अनिलचा होता.

मी उचलला नाही. गोटी अजून पडली नव्हती.

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मी लॅपटॉपकडे वाकले. उजव्या शिफ्टवर पांढरा ठसा होता, बोटाएवढा. मी हात लावून पाहिला.

तांदळाचं पीठ. अजून ओलं होतं.